चोर्लीच्या मंदिरात सेवेला आलेले अमेरिकन आजी-आजोबा दिवसभर करतात काय?

लँकेशायरची_लेक
इंग्लंडमधल्या एम६१ महामार्गावरून जाताना जंक्शन ८ जवळ जे पांढरं शिखर दिसतं, ते मॉर्मन या अमेरिकेत सुरू झालेल्या ख्रिस्ती पंथाचं मंदिर. नाव प्रेस्टनचं, गाव चोर्ली. तिथे अमेरिकेतून साठी-सत्तरीची जोडपी वर्ष-दीड वर्ष सेवेला येऊन राहतात. छातीवर काळी पाटी लावून टेस्कोत भाजी घेताना दिसतात, हसून बोलतात, पण धर्माविषयी अक्षर काढत नाहीत.
इथल्या एका मराठी घरमालकाचा दोन खोल्यांचा फ्लॅट अशाच एका जोडप्याला हवा आहे, दीड वर्षासाठी. त्याचे प्रश्न: ही माणसं घरी किती वेळ असतात, कामाला पगार असतो का, भाडं कोण देतं, आणि या वयात औषधपाणी, गाडी वगैरे कसं निभावतं? जाणकारांनी सविस्तर लिहावं. धर्म बरा की वाईट यासाठी वेगळा धागा काढा, प्लीज.

तिरकस_तात्या
पहिल्याच प्रतिसादात धर्मावर घसरायचं नाही म्हणजे अन्याय आहे. असो, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ऑरेमकर
युटात (अमेरिकेतलं राज्य, या पंथाचा बालेकिल्ला) हा विषय रोजचा आहे, म्हणून लिहितो.
पगार शून्य. उलट खर्च त्यांचाच. तरुण मिशनरींसाठी महिन्याची ठरावीक रक्कम असते (४०० डॉलर होती, जुलै २०२० पासून ५०० झाली), तसा एकच आकडा ज्येष्ठांना नाही. भाडं, जेवणखाण, गाडी, फोन सगळं पेन्शनीतून. भाड्याला मात्र छत आहे. २०११ साली महिन्याला १,४०० डॉलरची मर्यादा घातली, त्यावरचा भार चर्च उचलतं. आकडा पुढे बदलू शकतो, चालू नियम त्यांच्या पोर्टलवर दिसतो. त्यामुळे घरमालकाने भाडं सांगताना आकडा भाडेकरू भरणार की चर्चचं कार्यालय, हे आधीच विचारावं.
मुदत ६, १२, १८ किंवा २३ महिने. घरी १८ वर्षांखालचं मूल नको. सुरुवात स्थानिक बिशपपासून, म्हणजे गावातल्या मंडळीच्या प्रमुखापासून होते. डॉक्टर आणि दंतवैद्य दोघांचे फॉर्म भरावे लागतात, आणि दाताचा फॉर्म हलका समजू नये. अर्धवट राहिलेलं रूट कॅनाल आधी पुरं करून घ्यायला लावतात. नेमणूक आली की ती ‘कॉल’, कुठे जायचं ते त्यात लिहिलेलं. आवड कळवता येते, हट्ट धरता येत नाही.
तरुणांचे कडक नियम यांना लागू नाहीत. दारोदार फिरून प्रचार नाही, नातवंडांशी हवं तेव्हा व्हिडिओ कॉल. घरी लग्न किंवा मयत असेल तर स्वखर्चाने सात-दहा दिवस जाऊन येता येतं.

शेगाव_रिटर्न
म्हणजे शेगावच्या संस्थानातले सेवेकरीच की! पांढरे कपडे, बिनपगारी, पाळ्या लावून काम.

ऑरेमकर
@शेगाव_रिटर्न, वरवर साम्य आहे. पण शेगावला कुणीही दर्शनाला येतो, इथे आत जायलाच परवाना लागतो. ‘टेंपल रेकमेंड’ म्हणतात. आधी बिशप, मग स्टेक अध्यक्ष (आसपासच्या अनेक मंडळ्यांचा प्रमुख), अशा दोन मुलाखती, दोन वर्षांची वैधता. दारू-सिगारेट-चहा-कॉफी बंद, मिळकतीचा दहावा भाग चर्चला, वगैरे. दारावरच कार्ड स्कॅन होतं. मुदत संपलेली असेल तर सेवेला आलेल्या आजोबांनाही बाहेर थांबावं लागतं. म्हणून निघण्यापूर्वी दोघांच्या कार्डाची तारीख पाहून घ्यावी, परदेशात नूतनीकरण होतं पण मुलाखतींची वेळ जुळवण्यात आठवडे जातात.

वकिली_बाणा
या ‘परवान्याशिवाय प्रवेश नाही’ वरून ब्रिटनमध्ये मोठा खटला झाला, आणि तो याच चोर्लीच्या मंदिरावरून. इथल्या कायद्यात सार्वजनिक उपासनेच्या जागेला स्थानिक करातून पूर्ण सूट आहे. मंदिर सर्वांना खुलं नाही, म्हणून ते ‘सार्वजनिक’ नाही, असा निकाल २००८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) दिला. त्याच आवारातल्या चॅपलला सूट मिळाली, कारण रविवारी तिथे कुणीही जाऊन बसू शकतं. मंदिराला धर्मादाय म्हणून ८० टक्के सवलत होतीच. भांडण उरलेल्या २० टक्क्यांचं. २०१४ साली स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयानेही लॉर्ड्सचंच म्हणणं उचलून धरलं.
दुसरा परिणाम लग्नांवर. इथे लग्न कायदेशीर व्हायला दार उघडं ठेवावं लागतं. त्यामुळे जोडपं आधी चॅपलमध्ये रीतसर लग्न लावतं आणि मग मंदिरात ‘सीलिंग’साठी, म्हणजे मरणापुढेही नातं बांधणाऱ्या विधीसाठी येतं. पूर्वी काही देशांत असं वेगळं लग्न केलं की वर्षभर थांबावं लागे. ती अट २०१९ च्या मे महिन्यात काढली. इथे दुपारी लग्न आणि संध्याकाळी सीलिंग असले घाईचे शनिवार होतात, आणि त्या घाईत नवरीला कुठल्या खोलीत न्यायचं, आईने कुठे थांबायचं, परवाना नसलेल्या काकांना कुठे बसवायचं, हे सगळं याच आजी-आजोबांच्या अंगावर.

स्नेहल_प
पण आत नेमकं काम काय? पूजा सांगतात का?

प्रेस्टनकर
मंदिर रविवारी बंद, बहुतेक ठिकाणी सोमवारीही. म्हणजे कामाचा आठवडा मंगळवार ते शनिवार. पाळी साधारण पाच-सहा तासांची, सकाळची किंवा दुपार-संध्याकाळची. पहिल्या विधीच्या बऱ्याच आधी पोचायचं, बाहेरचे कपडे उतरवून डोक्यापासून पायापर्यंत पांढरं घालायचं, मग छोटी प्रार्थनासभा. तिथे पाळीचा समन्वयक कोण कुठे ते सांगतो. एका जागी पूर्ण पाळी क्वचितच. दार, कपड्यांचा काउंटर, बाप्तिस्म्याचा कुंड, जिना, विधीची खोली अशी फिरती नेमणूक. ‘एंडोमेंट’ नावाचा मुख्य विधी दीड-दोन तास चालतो, त्यात कुणाला आजी हात धरून नेतात, कुणाला आपल्या भाषेचा हेडफोन लावून देतात.
स्त्रियांचे काही विधी स्त्रियाच करतात, त्यामुळे जोडप्यातल्या आजी ‘सोबत आलेल्या’ नसतात. त्यांच्याशिवाय पाळी उभी राहत नाही. बायकांकडचं सगळं मंदिराच्या अध्यक्षांची पत्नी पाहते, तिला मेट्रन म्हणतात. अध्यक्ष आणि मेट्रन साधारण तीन वर्षांसाठी असतात.
सगळ्यात अवघड काम पाठांतर. विधीचे शब्द जसेच्या तसे यायला लागतात आणि तो मजकूर मंदिराबाहेर नेता येत नाही. घरी वही नाही, फोनवर रेकॉर्डिंग नाही. सत्तरीत हे जड जातं. त्यावर तोड एकच: पाळीच्या अर्धा तास आधी जाऊन आतच वाचायचं, सलग पाठ न करता दोन-दोन वाक्यं पक्की करायची, आणि लगेच त्याच पाळीत म्हणायची. रात्री झोपताना आठवून पाहिलं आणि मधलं वाक्य गळलं, तर दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात. लहान विधी आधी, लांबलचक नंतर. आपले घनपाठी हसतील, पण ते आठव्या वर्षी सुरू करतात.
शब्दांविषयी याहून जास्त विचारू नका, ते लोक बाहेर बोलत नाहीत.

गोदाकाठ
आणि मेलेल्या माणसांना बाप्तिस्मा देतात ते खरं आहे का? हे मला भयंकर वाटतं. उद्या माझ्या पणजोबांना देतील!

वंशावळ
खरं आहे. जिवंत माणूस मृताच्या नावाने पाण्यात उतरतो. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे त्या आत्म्याला ते नाकारण्याची मुभा असते.
तुमच्या पणजोबांचं: सभासदाने आपल्याच पूर्वजांची नावं द्यावीत असा नियम आहे, आणि जन्माला ११० वर्षं झाली नसतील तर जवळच्या हयात नातेवाइकाची परवानगी लागते. नियम मोडले गेलेले आहेत. नाझी छळात मेलेल्या ज्यूंची नावं घातल्यावरून १९९५ साली ज्यू संघटनांशी करार करून ती काढावी लागली.
कुंडावरची रीत सांगतो, कारण ज्येष्ठांचा बराच वेळ इथे जातो. कुंड बारा बैलांच्या शिल्पावर उभा असतो, पाणी कोमट. नावाची कार्डं, पुरुषांची निळी आणि स्त्रियांची गुलाबी, बारकोडसह. एक माणूस कार्ड वाचून नोंद करतो, दोन साक्षीदार पाहतात की शब्द बरोबर झाले आणि डोक्याचा केस न् केस बुडाला. ऑक्टोबर २०१९ पासून बाईलाही साक्षीदार होता येतं. केसांची बट वर राहिली तर पुन्हा. कार्डांचा क्रम बिघडला की मोठा घोळ होतो, म्हणून झालेली आणि व्हायची कार्डं दोन वेगळ्या ट्रेमध्ये, आणि ट्रे कधीही एकमेकांवर नाही.
मुलं वयाची बारा पुरी होणाऱ्या वर्षाच्या जानेवारीपासून येऊ शकतात. इंग्लंडात शाळांना सुट्ट्या लागल्या की स्कॉटलंड-आयर्लंडकडून बसगाड्या भरून पोरं येतात, आवारातल्या निवासात मुक्काम करतात. त्या आठवड्यात आजोबा टॉवेल वाटतात आणि आजी ओले केस वाळवायला मदत करतात. ओली फरशी आणि अनवाणी म्हातारी माणसं, तिथे पडझड ठरलेली. रबरी तळव्याचे पांढरे बूट हवेतच, कापडी सपाता घालून कुंडाकडे जाऊ नये.

बारीक_सारीक
कपड्यांवर कुणीच लिहिलं नाही. रोज पांढरं घालायचं म्हणजे खरी परीक्षा धुलाईची.
लँकेशायरचं पाणी मऊ आहे, युटातलं जड. तिकडच्या सवयीने साबण ओतला तर फेस राहतो आणि कपडा राखाडी दिसू लागतो. इथे निम्मा पुरतो. लिक्विड नको, पावडर घ्या. पांढऱ्या कपड्यांच्या पावडरीत ऑक्सिजन ब्लीच असतं, लिक्विडमध्ये सहसा नसतं. सुती ६० अंशांवर, पॉलिस्टर ४० वर. क्लोरीनचं ब्लीच नायलॉन आणि ताणणाऱ्या कापडाला पिवळं पाडतं, ते टाळायचं. काखेतला पिवळा डाग डिओडरंटमधल्या ॲल्युमिनियमचा असतो. त्यावर धुण्याआधी तासभर ऑक्सिजन ब्लीचचं घट्ट पाणी.
वाळवणं हा इथला निम्मा त्रास आहे. फ्लॅटमध्ये ड्रायर नसेल तर नोव्हेंबर ते मार्च कपडे दोन दिवस ओलसर राहतात, वास धरतात, भिंतीला बुरशी येते. घरमालकाला सांगा, ड्रायर नाहीतर निदान डीह्युमिडिफायर ठेव, त्याच्याच भिंती वाचतील. प्रत्येकी तीन जोड असले की आठवडा निघतो.

तिरकस_तात्या
आणि शेवटच्या पाण्यात उजालाचे चार थेंब. अमेरिकन आजींना ही दीक्षा आपणच द्यायची.

बारीक_सारीक
तात्या, बादलीत आधी ढवळून मग. सरळ मशीनमध्ये टाकलेत तर पांढऱ्या झग्यावर निळे ओघळ, आणि दीक्षा देणाऱ्यावर बंदी.

डॉ_कोपरखळी
औषधपाणी.
अमेरिकेचा मेडिकेअर विमा देशाबाहेर जवळजवळ काही देत नाही. तरी त्यातला ‘पार्ट बी’ (डॉक्टर-तपासण्यांचा भाग) बंद करण्याआधी दहा वेळा विचार करावा. परत सुरू करताना खंड पडलेल्या दर पूर्ण १२ महिन्यांमागे हप्त्यावर १० टक्के दंड लागतो, आणि तो बहुधा कायमचा. परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी चर्चची वेगळी वैद्यकीय योजना असते, ती घेतली तरी हे वेगळं.
ब्रिटनच्या व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार लागतो, फेब्रुवारी २०२४ पासून माणशी वर्षाला १,०३५ पौंड. सहा महिन्यांपर्यंतच्या तुकड्याला निम्मा आणि त्याहून एक दिवस जास्त झाला की पूर्ण वर्षाचा. १८ महिन्यांच्या सेवेला व्हिसा १८ महिने आणि वर काही दिवसांचा निघाला, तर दोन वर्षांचे पैसे. दोघांचे मिळून ४,१४० पौंड. हा भरला की एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा खुली. पोचल्याच्या आठवड्यातच जवळच्या जीपीकडे (भागातला फॅमिली डॉक्टर) नाव नोंदवावं, आजारी पडल्यावर नाही. साठीपुढे इंग्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनची औषधं आणि डोळ्यांची तपासणी फुकट.
औषधं तीन महिन्यांची आणावीत, मूळ डब्यांत आणि प्रिस्क्रिप्शनसह, म्हणजे इथल्या जीपीला बदल बसवायला वेळ मिळतो. गुडघ्यासाठी तिकडे वाणसामानाच्या दुकानात मिळणारं नॅप्रोक्सेन इथे पाळीच्या दुखण्याखेरीज प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही. झोपेचं मेलाटोनिनही तसंच. यावरून दरवर्षी कुणी ना कुणी फार्मसीत हुज्जत घालतं. त्यांचा टायलेनॉल म्हणजे आपला पॅरासिटामॉल.
पाच-सहा तास उभं राहायचं असतं, तेव्हा दाबाचे मोजे सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी चढवावेत, सूज आल्यावर उपयोग नाही. कानातलं यंत्र वापरणाऱ्यांनी हेडफोन लावताना शिट्टी वाजते का ते आधीच पाहावं.

स्नेहल_प
सीपॅप मशीन (झोपेत श्वास चालू ठेवणारं) चालेल का इथल्या विजेवर?

डॉ_कोपरखळी
अडॅप्टरवर १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त प्लग बदलायचा. हेअर कर्लर आणायचा नाही. तो बहुधा नुसत्या १२० चा असतो, २३० वर जळतो. बाथरूममध्ये साधा सॉकेट नसतो हेही सांगून ठेवा, नाहीतर ‘घरमालकाने सॉकेट बुजवला’ अशी तक्रार येईल.

गिअरबॉक्स
गाडीबद्दल बहुतेकांना उशिरा कळतं, म्हणून ठळक सांगतो. अमेरिकन लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते. ते बदलून ब्रिटिश मिळत नाही, परीक्षा द्यावीच लागते. पन्नास वर्षं गाडी चालवलेल्या माणसालाही. वर्षभराच्या सेवेला अडचण नाही. १८ महिनेवाल्यांचे शेवटचे सहा महिने लटकतात.
म्हणून पत्ता मिळाला की प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्स काढा (१८५ दिवसांहून जास्त राहण्याची परवानगी लागते). मग थिअरी: ५० पैकी ४३ बरोबर, शिवाय धोका ओळखण्याच्या व्हिडिओत ७५ पैकी ४४. ती पास झाल्याशिवाय प्रत्यक्ष चाचणीची तारीख घेता येत नाही, आणि तारखा कित्येक केंद्रांवर महिनोन्‌महिने नसतात. चाचणीच्या सुरुवातीला २० मीटरवरून नंबरप्लेट वाचायला लावतात, चष्मा नवा करून जा. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं. यांना तेवढं पुरे.
बारा महिने उलटले आणि पास नाही, तर ‘एल’ची पाटी आणि शेजारी तीन वर्षं जुनं इथलं पूर्ण लायसन्स असलेला माणूस. अमेरिकन लायसन्सवाली बायको चालत नाही. सत्तरीपुढे आणि परदेशी लायसन्सवर विमा कंपन्याही हात आखडतात.
नापास होण्याची कारणं ठरलेली: राउंडअबाउटला उजवीकडे न पाहता घुसणं, आरसा न पाहता लेन बदलणं, आणि दोन्ही हात स्टिअरिंगच्या खाली धरून निवांत वळवणं.

गोदाकाठ
सरळ मंदिराच्या आवारातच का राहत नाहीत मग? चालत जायचं.

प्रेस्टनकर
आवारात निवास आहे, पण तिथे लांबून येणारे यात्रेकरूही असतात. सगळ्यांना जागा नसते, म्हणून गावात भाड्याने. बसने येणार असाल तर सकाळच्या पाळीला शनिवारी पहिली बस किती वाजता ते बघूनच घर ठरवावं. संध्याकाळची पाळी संपायला रात्र होते, तेव्हा परतीची बसही.
सोमवार यांचा धुणं-बाजार-फिरण्याचा. रविवारी स्थानिक वॉर्डात (गावातल्या मंडळीत) दोन तासांची सभा. जानेवारी २०१९ आधी ती तीन तासांची होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन जेवणांचा उपास, वाचलेले पैसे गरजूंसाठी. वर्षातून दोनदा मंदिर देखभालीसाठी काही दिवस बंद राहतं, तेव्हा अध्यक्षांना सांगून फिरायला जातात. प्रेस्टनला रिबल नदीचा काठ बहुतेक सगळे पाहून येतात, कारण त्यांच्या पंथाचे ब्रिटनमधले पहिले बाप्तिस्मे १८३७ साली तिथे झाले.

शेगाव_रिटर्न
अवांतर: भारतातले मॉर्मन कुठे जातात मंदिराला?

वंशावळ
वर्षानुवर्षं हाँगकाँगला, तिथलं मंदिर १९९६ चं. विमानभाडं, व्हिसा, एकाच फेरीत सगळ्या कुटुंबाचं सीलिंग. बंगळुरूच्या मंदिराची घोषणा २०१८ ला झाली, भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये. पुण्या-मुंबईच्या सभासदांना मग रात्रीची गाडी पुरेल.

ऑरेमकर
मागे घर सोडून येणाऱ्यांचे दोन घोळ राहिले. पहिला बँकेचा ओटीपी. अमेरिकन नंबर बंद केला की खातं गोठलंच समजा. इंटरनेटवरच्या नंबरावर कित्येक बँका ओटीपी पाठवत नाहीत, म्हणून मूळ सिम स्वस्तातल्या प्लॅनवर जिवंत ठेवून वायफाय कॉलिंग सुरू करून यायचं, आणि निघण्यापूर्वी मोबाइल नेटवर्क बंद ठेवून घरच्या वायफायवर ओटीपी येतो का ते पाहायचं. दुसरा युटातला हिवाळा: रिकाम्या घराचा मुख्य नळ बंद, पाइप रिकामे, हीटर १३ अंशांवर. घर सलग एक-दोन महिने रिकामं राहिलं तर विमा कंपन्या नळफुटीचं नुकसान नाकारू शकतात, हे पॉलिसीत वाचून ठेवावं. मुलाच्या नावे मुखत्यारपत्रही करून यावं.

तिरकस_तात्या
दीड वर्ष, इंग्लंड, आणि चहा नाही. यापेक्षा पंढरपूर पायी सोपं.

प्रेस्टनकर
@तात्या, पुदिन्याचा काढा चालतो, हॉट चॉकलेट चालतं, कोकाकोलाही चालतो. काळा आणि हिरवा चहा नाही. घरमालकाने स्वागताच्या टोपलीत चहापत्ती आणि वाइन ठेवू नये एवढंच.

लँकेशायरची_लेक
सगळ्यांचे आभार. घरमालकाने ड्रायर मागवला, टोपलीतून वाइन काढली. आता एकच: पगार नाही तर भाडेकरूची ऐपत कशी तपासायची? आणि कागद कुठले?

वकिली_बाणा
पेन्शन आणि सोशल सिक्युरिटीची पत्रं, तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट्स, चर्चचं नेमणूकपत्र. ‘राइट टू रेंट’ (इथे भाड्याने राहण्याचा हक्क आहे का) तपासणी दोघांची वेगवेगळी, त्यांच्या ई-व्हिसाच्या शेअर कोडवरून. कोड ९० दिवस चालतो, निकालाचं पान जपून ठेवायचं. वार्षिक भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि ती ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करायची. चर्चचं कार्यालय भाडं देणार असेल तर करारात भाडेकरू कोण हे आधी स्पष्ट करून घ्या. आजारपणामुळे मध्येच परत जावं लागणं या वयात नवल नाही, तेव्हा दोन महिन्यांच्या सूचनेने निघता येईल हेही लिहून घ्यायला सांगा.